खाडीत रोप लावण्याआधी चिखल मोकळा करा

जुलैचा पहिला आठवडा आला की शाळेत रोपं येतात. वनमहोत्सव असतो. टेम्पो येतो, काळ्या पिशव्यांतली रोपं उतरतात, मुलांना रांगेत उभं करतात, पाहुणे एका रोपाला हात लावतात आणि फोटो निघतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. वीसेक वर्षांच्या नोकरीत असे फोटो माझ्याकडे ढिगाने जमलेत. त्या फोटोंतली जगलेली झाडं विचाराल तर एका हाताची बोटं पुरतील.

तीन वर्षांपूर्वी मात्र रोपं शाळेच्या आवारात नाही, थेट खाडीत लावायची होती. आमची वस्ती गोवंडीकडची, ठाणे खाडी हाकेच्या अंतरावर. एका संस्थेने पुढाकार घेतला. कांदळाची लांब शेंगेसारखी रोपं आणली, ओहोटीच्या वेळी मुलांना उघड्या चिखलात नेलं आणि दोरी लावून सरळ ओळींत रोपं खोचली. मुलं चिखलाने माखली, खूप हसली, घरी जाऊन अम्मीची बोलणी खाल्ली. मी वर्गात छातीठोकपणे सांगितलं की आता तुमच्या नावाचं जंगल उभं राहणार.

दोन महिन्यांनी बघायला गेलो तर तिथे एकही रोप नव्हतं. काही भरतीच्या पाण्याने उपटून नेली होती, काही प्लास्टिकच्या पिशव्यांच्या ओझ्याने आडवी होऊन कुजली होती. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, हमने गलत लगाया क्या?"

तिला मी काहीतरी सांगून गप्प केलं. शिक्षक असं करतात, कबूल करायला हरकत नाही. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. म्हणून वाचायला लागले, वन विभागाच्या लोकांना विचारलं, खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळी मावशींना विचारलं. उत्तर असं निघालं की मुलांनी रोपं नीट लावली होती, जागा चुकली होती. त्याहून मोठी चूक म्हणजे जे काम सगळ्यात शेवटी करायचं ते आम्ही सगळ्यात आधी केलं.

खाडी म्हणजे रिकामी जागा नव्हे

पर्यावरणाच्या पुस्तकात 'अधिवास' असा शब्द येतो. साध्या भाषेत, प्राण्या-पक्ष्यांचं आणि झाडांचं राहतं घर. शहरात आपल्याला वाटतं की घर म्हणजे झाड, म्हणून जिथे झाड दिसत नाही ती जागा ओसाड. खाडीतला उघडा चिखल आपल्या नजरेला ओसाडच दिसतो. पण ओहोटीला तोच चिखल फ्लेमिंगोंचं दस्तरखान असतो. हिवाळ्यात ठाणे खाडीत हजारोंनी उतरणारे हे गुलाबी पाहुणे त्या चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव चोचीने गाळून खातात. त्यांच्यासाठीच २०१५ साली ठाणे खाडीचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. आम्ही नेमक्या अशाच मोकळ्या चिखलात रोपं खोचत होतो. पाहुण्यांच्या ताटात बाग लावण्यातला प्रकार. बरं, तिथे पाणी इतका वेळ आणि इतकं खोल उभं राहतं की तिवर असो वा कांदळ, कोवळं रोप टिकतच नाही. टिकत असतं तर निसर्गाने ते तिथे आपणहून उगवलं नसतं का?

खारफुटीची जागा ठरलेली असते. रोजच्या भरतीचं पाणी जिथवर येतं आणि पुन्हा पूर्ण ओसरतं, त्या पट्ट्यात ती वाढते. मुंबईच्या खाड्यांत सगळ्यात जास्त दिसतो तो तिवर. याचं पान जिभेला लावून बघा, खारट लागतं, कारण हे झाड जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. दुसरी गंमत त्याच्या मुळांत. खाडीच्या चिखलात हवा जवळजवळ नसतेच, म्हणून तिवराची मुळं जमिनीतून वर येतात. झाडाभोवती चिखलात पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी शेकडो, हजारो टोकं दिसतात. तीच त्याची नाकं. ओहोटी असताना त्या टोकांवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि खालच्या मुळांना पोचते. मराठीत त्यांना श्वसनमुळं म्हणतात.

आता या नाकांवर पिशव्या, गाद्यांचा फोम, जुने कपडे, थर्माकोल यांचा फूटभर थर बसला तर काय होईल? झाड एका दिवसात मरत नाही. आधी शेंड्याची पानं पिवळी पडतात, फांद्या वाळतात, दोन-तीन वर्षांत उभं झाड खराटा होतं. लोक म्हणतात, "पाणी खराब आहे, म्हणून मेलं." पाणी खराब आहेच. पण तिवर बऱ्यापैकी घाण पाणी सोसतो. हवा बंद झालेली मात्र त्याला सोसत नाही.

तिवराला बी येतं पावसाळ्यात. चपटं, बदामाएवढं. ते झाडावरच रुजायला सुरुवात करतं, मग गळून पाण्यावर तरंगतं आणि योग्य चिखल सापडला की काही दिवसांत मुळं धरतं. म्हणजे जवळपास मोठी झाडं शिल्लक असतील तर रोपवाटिका भरती फुकट चालवते, आणि लाखो बिया दारात आणून टाकते. फक्त त्या बियांना मोकळा चिखल मिळायला हवा. पिशवीवर पडलेलं बी पिशवीवरच वाळतं.

पाणी घरात शिरतं तेव्हा

हे सगळं पक्ष्यांसाठीच करायचं का, असा प्रश्न पालकसभेत एका अब्बांनी विचारला होता. रास्त प्रश्न आहे. ज्या घरात पिण्याचं पाणी दिवसातून तासभर येतं, त्या घराला फ्लेमिंगोचं कौतुक सांगणं सोपं नाही.

माझं उत्तर २६ जुलै २००५ चं आहे. तेव्हा आम्ही कुर्ल्याला राहायचो आणि मी बीएड करत होते. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. मी कमरेएवढ्या पाण्यातून, अनोळखी लोकांचा हात धरून दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले. घरात अब्बा पलंगावर टेबल, टेबलावर खुर्ची रचून अम्मीला वर बसवून उभे होते. कपाटातली सगळी कागदपत्रं, अम्मीच्या लग्नाचा जोडा, माझ्या नोट्स, सगळं गाळात गेलं. शेजारच्या गल्लीतून तर मय्यतीच उचलल्या.

कुर्ल्याला बुडवलं ते मिठी नदीने. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी ही नदी साधारण १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत समुद्राला मिळते. अनेक वर्षं तिचं पात्र भरावाने अरुंद केलं गेलं, मुखाजवळची खारफुटी तोडून त्यावर बांधकामं झाली. पाऊस इतका होता की काहीही केलं असतं तरी पाणी तुंबलंच असतं, हे मान्य. पण पाण्याला पसरायला आणि थांबायला जागा असती तर ते इतक्या वेगाने आणि इतकं उंच आपल्या घरांत आलं नसतं. खाडीकाठचा खारफुटीचा पट्टा स्पंजासारखा असतो. भरतीचा जोर मोडतो, गाळ धरून ठेवतो, काठ ढासळू देत नाही. आणि खाडीकाठी कोण राहतं? जागा परवडत नाही म्हणून आलेले आपलेच लोक. पहिलं पाणी आपल्याच उंबऱ्याला लागतं.

दुसरं उत्तर स्वयंपाकघरातलं. कोकणातल्या मुस्लिम घरांत जिताडा, बोय, कोळंबी, चिंबोरी यांशिवाय दावत होत नाही. या सगळ्यांची पिल्लं खारफुटीच्या मुळांच्या जाळीत लपून वाढतात. माझी नानी म्हणायची की पूर्वी मुंबईच्या खाडीतली चिंबोरी दोन्ही हातांनी धरावी लागायची. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल. पण खाडीतल्या कोळी मावशीही तेच सांगतात आणि त्यांची तर त्यावर रोजीरोटी होती.

वर्सोव्यात कुणी कासवं सोडली नव्हती

आधी साफ करा आणि मग वाट बघा, याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईतच आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह नावाचा तरुण वकील वर्सोव्याला समुद्राकाठी राहायला आला. किनाऱ्यावर कचरा इतका की काही ठिकाणी माणसाच्या उंचीएवढा थर. त्याने आणि त्याच्या ८४ वर्षांच्या एका शेजाऱ्याने हातांनी कचरा उचलायला सुरुवात केली. दोघंच. हळूहळू कोळीवाड्यातले लोक, शाळेची मुलं, कॉलेजचे विद्यार्थी आले. सुमारे अडीच किलोमीटरचा किनारा आणि दर शनिवार-रविवारचा नेम. पुढच्याच वर्षी, २०१६ ला, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने त्याला 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला.

बातम्यांत सन्मान आला, पण त्यानंतरची गोष्ट मला जास्त शिकवून गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये, स्वयंसेवकांना होणारी शिवीगाळ आणि साचलेला कचरा वेळेवर उचलला न जाणं याला कंटाळून त्याने काम थांबवल्याचं जाहीर केलं. म्हणजे जगाने गौरवलेल्या माणसालाही गोण्या कोण उचलणार या प्रश्नाने जेरीस आणलं. मग काम पुन्हा सुरू झालं. आणि मार्च २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून बाहेर येऊन समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. ८० च्या आसपास होती. वर्सोव्यात असं दृश्य वीसेक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

तिथे कासवाची अंडी कुणी आणून ठेवली नव्हती. मादीला घरटं करायला वाळू लागते, ती कचऱ्याखाली गाडली गेली होती. ती मोकळी झाली. एवढंच. पुढे या गटाने वर्सोव्याची खारफुटी आणि नंतर मिठी नदीचा काठही साफ करायला घेतला.

झाड लावण्याचं सवाब सांगणारी हदीस आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. झाडाचं फळ पाखराने खाल्लं तरी लावणाऱ्याला सदका. त्याच सहज ओघात दुसरीही शिकवण येते, की वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला सारणं हासुद्धा सदका. वर्गात मी दोन्ही सांगायचे, पण रोपं वाटताना फक्त पहिली आठवायची.

काम नेमकं काय असतं

चार-पाच पालक, दोन शिक्षक आणि आठवी-नववीची मुलं असा आमचा गट आहे. त्यात फार काही विशेष नाही. महिन्यातून दोन रविवार, दोन-अडीच तास. पण जे शिकलो ते कुठल्याही खाडीकाठच्या मोहल्ल्याला उपयोगी पडेल, म्हणून सांगते.

पहिली गोष्ट परवानगी. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभरातली खारफुटीची तोड, तिच्यात भराव टाकणं आणि तिच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकाम, या सगळ्याला मनाई केली. २०१८ च्या अंतिम निकालात तर खारफुटीचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे असं म्हटलं. आज ही जमीन बहुतेक ठिकाणी वन विभागाच्या ताब्यात आहे आणि त्यासाठी २०१२ पासून कांदळवन कक्ष वेगळा काम करतो. चांगल्या हेतूनेही आपण मनाला येईल तिथे शिरून खोदकाम किंवा लागवड करू शकत नाही. कक्षाला लेखी कळवा. ते बहुतेकदा कर्मचारी सोबत देतात आणि कुठे पाय ठेवायचा नाही तेही सांगतात.

दुसरी गोष्ट वेळ, आणि इथे आपल्या घरांना एक फायदा आहे. खाडीचं घड्याळ चंद्रावर चालतं आणि आपल्या घरात चांदची तारीख कुणालातरी तोंडपाठ असतेच. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि तिच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. चांदची तारीख तिथीच्या साधारण एक दिवस मागे असते, म्हणून तीत एक मिळवायचा. पौर्णिमेनंतर पंधरा वजा करायचे. चांद २ असेल तर तिथी ३, भरती सव्वादोनच्या सुमारास, म्हणजे सकाळची ओहोटी सव्वाआठला. आमच्या बाजूला खाडी आत वळते, त्यामुळे अर्धा-पाऊण तास उशीर धरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी सगळ्यात जास्त मागे जातं. म्हणून चांद १ ते ३ आणि १६ ते १८ यांत येणारी सकाळ आमच्यासाठी उत्तम. चांद ७ किंवा २१-२२ ला, ज्याला कोळी 'भांग' म्हणतात, पाणी धड येतही नाही आणि जातही नाही. हा हिशेब अंदाजाचा आहे. निघण्याआधी छापील किंवा मोबाईलवरचं भरतीचं वेळापत्रक बघायचंच, कारण मुलं सोबत असतात. ओहोटीच्या दोन तास आधी उतरायचं आणि पाणी फिरलं की निमूट बाहेर यायचं. "बस एक गोणी और" म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही.

कचरा काढण्यालाही पद्धत आहे. सुरुवातीला मुलं पिशव्या खेचून काढायची, त्यात श्वसनमुळं तटातट तुटायची. मदत करायला आलो आणि नाकंच मोडून बसलो! आता वरचा सुटा कचरा हाताने उचलतो, मुळांना गुंडाळलेली पिशवी किंवा जाळ्याचा तुकडा कात्रीने कापून सोडवतो आणि खोल रुतलेलं असेल तर तसंच राहू देतो. चालायची वाट एकच ठेवतो, सगळीकडे तुडवत फिरत नाही. इवली रोपं पायाखाली येतात आणि पाहिल्याशिवाय कळत नाहीत.

पण सगळ्यात मोठा धडा गोण्यांचा. पहिल्या रविवारी आम्ही तांदळाच्या रिकाम्या गोण्या भरभरून काठावर रचल्या, फोटो काढले आणि खुश होऊन घरी गेलो. गाडी ठरवली होती ती आली नाही. रात्रीच्या भरतीने गोण्या फाडल्या आणि कचरा जिथल्या तिथे नेऊन ठेवला. तेव्हापासून नियम असा की गाडीची वेळ पक्की झाल्याशिवाय एकही गोणी भरायची नाही, आणि भरलेली गोणी भरतीच्या रेषेच्या वर, रस्त्यालगतच ठेवायची.

कपड्यांचं बोलते, कारण बाया आणि मुली येत नाहीत त्याचं अर्धं कारण तेच असतं. बुरखा घालून चिखलात उतरता येत नाही आणि उतरूही नये, पाय अडकून पडायला होतं. आम्ही जुना सलवार-कुर्ता, डोक्याला घट्ट बांधलेला ओढणीचा रुमाल, गमबूट आणि रबरी हातमोजे असं ठरवलं. जवळच राहणाऱ्या एका आपांनी त्यांची पुढची खोली कपडे बदलायला दिली. तेवढ्याने चार मुलींच्या आठ झाल्या. गमबुटात जाड मोजे हवेत, नाहीतर चिखल बूट ठेवून घेतो आणि पाय बाहेर येतो. काचा आणि इंजेक्शनच्या सुया सापडतात, त्या मुलांनी उचलायच्याच नाहीत, मोठ्यांनी चिमट्याने वेगळ्या डब्यात टाकायच्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर खाडीत उतरू नका, लेप्टोची भीती असते. आम्ही जून ते ऑगस्ट काम बंदच ठेवतो. तो तिवराच्या बियांचा हंगाम आहे, त्यांना आपली गरज नसते.

कचऱ्यात काय सापडतं तेही सांगायला हवं. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आमच्या शेजारी आहे. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा धूर उपग्रहाच्या चित्रांत दिसला होता. त्यामुळे खाडीतल्या घाणीचं खापर डम्पिंगवर फोडायची आम्हाला सवय झाली आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण ईदनंतरच्या रविवारी आमच्या गोण्यांत शीरखुर्म्याच्या प्लास्टिक वाट्या निघतात. रमजानमध्ये इफ्तारचे पाण्याचे ग्लास. नियाजच्या थर्माकोल प्लेट्स. महाराष्ट्रात अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर २०१८ पासून बंदी आहे, पण मोहल्ल्यात त्या मिळतातच. नालीत टाकलेला ग्लास नाल्यात, नाल्यातला खाडीत. गेल्या रमजानमध्ये आमच्या मुलांनी एका मशिदीच्या कमिटीकडे अर्ज केला आणि तिथे स्टीलचे ग्लास आले. धुवायला दोन मुलं रोज थांबायची. सगळीकडे जमेल असं मी म्हणत नाही, धुवायला पाणीही लागतंच.

खाडी नसेल तिथे

पुणे, सोलापूर, मालेगावचे वाचक म्हणतील, आमच्याकडे कुठली खारफुटी? तत्त्व तेच राहतं. आधी बघायचं की ती जागा मुळात कशाचं घर होती. पुण्याच्या टेकड्यांवर एकेकाळी हिरवळ लवकर दिसावी म्हणून गिरिपुष्पाची झाडं मोठ्या प्रमाणात लावली गेली. हे झाड मध्य अमेरिकेकडचं. टेकडी हिरवी दिसते, पण त्याखाली इथलं गवत आणि झुडपं वाढत नाहीत, आणि त्यांच्यावर जगणारे किडे-पाखरंही मग राहत नाहीत. सोलापूरकडे माळढोकासारख्या पक्ष्याला मोकळं माळरान लागतं. तिथे वृक्षारोपण म्हणजे त्याच्या अंगणात भिंत बांधणं. अशा ठिकाणी स्वयंसेवकाचं काम बाहेरून आलेली झाडोरी काढणं, वणवा लागू न देणं आणि गवताचं बी पडेपर्यंत गवत न कापणं हे असू शकतं. फोटोला ते शोभत नाही.

आणि प्रत्येक शहरात आपल्याकडे एक जागा अशी आहे जिचा आपण विचारच करत नाही. कब्रस्तान. दाट वस्तीत न बांधलेली, रात्री अंधार असलेली, जुने वड-पिंपळ-कडुनिंब राखून असलेली जमीन आता दुसरी कुठे उरली आहे? घुबडं, पोपट, मुंगूस, फुलपाखरं तिथेच टिकून आहेत. अलीकडे अनेक ठिकाणी साफसफाई म्हणून सगळं गवत तणनाशकाने जाळतात, पायवाटेपलीकडेही फरशी घालतात. कमिटीशी बोलून निदान भिंतीलगतचा पट्टा फरशीशिवाय सोडला आणि तिथे करंज, उंबर, बकुळ अशी इथली झाडं येऊ दिली, तर खर्च शून्य. कबरींची अदब राखूनच हे होतं. फक्त दफनाला जागा कमी पडते तिथे हा विषय नाजूक असतो, घाईने मांडू नका.

दोरीच्या चौकोनात

आमच्या खाडीत आता आम्ही रोप लावत नाही. त्याऐवजी साफ केलेल्या तुकड्यात पाच हात बाय पाच हाताचा एक चौकोन दोरीने आखला आहे. पाण्याने येणारी तिवराची रोपं त्यात मोजायची. पहिल्या पावसाळ्यानंतर चार होती आणि त्यातलं एकच जगलं. दुसऱ्यानंतर एकोणीस मोजली. ज्या मुलीने मला तो प्रश्न विचारला होता ती आता दहावीत आहे. नोंदवही तिच्याकडे असते. शास्त्राच्या सरांनी सांगितल्यापासून ती प्रत्येक रोपाची पानंही मोजते आणि बाकीचे कंटाळतात.

मागच्या खेपेला चौकोनापासून पन्नास पावलांवर कुणीतरी रात्री डंपरभर राडारोडा ओतून गेलेला दिसला. विटांचे तुकडे, फरशा, सिमेंट. त्याने एक छोटी चर बुजली आहे, जिच्यातून भरतीचं पाणी आत यायचं. हा कचरा हाताने उचलण्यातला नाही आणि ती चर बुजलेलीच राहिली तर मागची मोठी झाडंसुद्धा वाळतील. तारीख, वेळ, जागेची खूण आणि फोटो जोडून लेखी तक्रार दिली आहे, पोचपावती घेतली आहे. मसुदा मुलांनी मराठीत लिहिला. तीन वेळा दुरुस्त करून घेतला मी, 'राडारोडा'चं अनेकवचन काय यावर वर्गात अर्धा तास गेला.

पुढचा रविवार चांद १७ चा आहे. ओहोटी नऊच्या सुमारास, म्हणजे सातला जमायचं. त्या दिवशी वन विभागाचा माणूस चर बघायला येणार आहे. गोण्या आणि कात्र्या आमच्याकडे आहेत. बूट आणि जाड मोजे आपापले आणा.